थोरल्या ब्रेकरने थांबायचे असते

मी थोरला सर्किट ब्रेकर बोलत आहे. मोराव्हा नदीकाठच्या एका शेतघरात, लोखंडी पेटीत माझा मुक्काम आहे. माझ्या खालच्या ओळीत धाकटी भावंडे आहेत. एकाकडे स्वयंपाकघर, दुसऱ्याकडे अंगण, तिसऱ्याकडे हंसांची अंडी उबवणारे यंत्र.

कारखान्यातून निघताना आम्हाला एकच शिस्त लावलेली असते. ज्याच्या वाटेवर दोष, त्याने आधी पडावे, म्हणजे आपल्या वाटेची वीज तोडावी. थोरल्याने क्षणभर कळ काढावी आणि धाकट्याला ते साधले नाही, तरच पुढे व्हावे. मला बसवताना इंजिनिअर मिलुंकाबाईंनी तो क्षण ठरवणारी चकती स्वतः लावली आणि तिला हात न लावण्याची ताकीद दिली.

त्या गेल्या आणि घरधनी रादोय्को पेचकस घेऊन आले.

"आमच्याकडे कुलसंताच्या सणाला यजमान बसत नाही. पाहुणे जेवतात, तो उभा. आणि हा थोरला लेकरांना पुढे करून मागे राहणार? लाज वाटू दे, बाबा!"

"अहो, बाई नको म्हणाल्या होत्या ना?" त्यांची पत्नी वुकोसावा म्हणाली.

"बाईंच्या घरचं बाई बघतील. आपल्या घरी आपली रीत."

चकती शून्यावर आली; आता दोष कुठेही झाला, तरी मी क्षणभरही थांबणार नव्हतो. त्यांना अडवायला मला हात नव्हते, हे खरे. परंतु तो मान मला सुखावून गेला, हेही तितकेच खरे.

त्या हिवाळ्याच्या अखेरीस कोल्ह्याने वुकोसावाचा हंसांचा सारा कळप संपवला होता. यंत्रातली अंडी तेवढी उरली होती. या घराचे कुलसंत जॉर्ज यांचा सण उजाडला, तेव्हा कवचांवर आतून पिल्लांच्या चोचींची टकटक सुरू झाली होती. वुकोसावा ताटे वाढता वाढता कान लावून येई.

भर दुपारी पावसाची सर आली. अंगणात वुकोसावाचा भाऊ तिहोमीर विजेच्या शेगडीवर मांस भाजत होता. पाणी आत शिरले, ठिणगी उडाली. अंगणाचा धाकटा पडण्याच्या बेतात होता. त्याच्या आधी मी पडलो, आणि साऱ्या घराची वीज गेली.

"दाजी, अंगणाचा स्विच पडला वाटतं!"

"पडू दे, त्याचं कामच ते. कोळसे पेटव. का वीज आल्यापासून फुंकायला विसरलास?"

हशा पिकला. दिवसाउजेडी कुठलाच दिवा लागलेला नव्हता. स्वयंपाक लाकडाच्या चुलीवर होता. माझ्याकडे कोणी फिरकले नाही.

"अहो, यंत्र चालू असेल ना?" वुकोसावाने विचारले.

"एक पडला म्हणून बाकीचे पडत नाहीत. बाईंनीच नाही का सांगितलं? तू भाकरी आण."

जी शिस्त त्यांनी माझ्याकडून काढून घेतली होती, तिच्यावरच ते विसंबले होते. मी पेटीत पडून होतो आणि अंडी गार होत होती.

तिन्हीसांजेला पाहुणे पांगले. वुकोसावाने दिव्याचे बटण दाबले, पुन्हा दाबले, आणि सणाची मेणबत्ती उचलून यंत्राकडे धावली. तिने एकेक अंडे कानाशी धरले. बहुतेकांतली टकटक थांबली होती.

रादोय्को दारात आले. "मीच फिरवली ती चकती," ते पुटपुटले.

तिने मान वर केली नाही. "सकाळपासून उभेच आहात ना? मग टोपली आणा, टकटक आहे तेवढी अंडी चुलीशी नेऊ."

मिलुंकाबाईंनी चकती पुन्हा जागेवर आणली आहे. आता धाकटा पडेपर्यंत मी थांबतो. वाचलेली मोजकी पिल्ले पेटीखालून जातात, तेव्हा न आलेल्यांची पोकळी मला जाणवते. माझे पडणे हेच माझे काम, असे म्हणून सुटका करून घेता येत नाही.

वाचकहो, आपल्याही घरी माझा कोणी भाईबंद असेल. केवळ अंधारातच त्याची आठवण काढू नका. घरात कुठे काही बंद पडले, तर भर उजेडातही एकदा त्याच्याकडे पाहून या.