‘ऐक’ने सुरू होणाऱ्या ओळी

"काका, एवढ्या चुका? काल तर सगळं चालत होतं!" मॅडमनी खुर्ची त्याच्या टेबलाकडे ओढली.

"जुन्या कंपायलरवर चालत होतं. नवा फार शिस्तीचा आहे."

पडद्यावरची प्रत्येक लाल ओळ एकाच शब्दाने सुरू होत होती: ‘ऐक’.

शब्द त्याच्या जुन्या जोडीदाराचा, लंबूचा. पाण्याचे पंप चालवणारा हा प्रोग्राम दोघांनी मिळून लिहिला, तेव्हा लंबूच्या कीबोर्डवरची तिरक्या रेघेची कळ मोडली होती. भागाकाराची खूणही तीच, म्हणून भागाकार आला की लंबू याला हाक मारायचा. सी भाषेत दोन तिरक्या रेघा मारल्या की पुढचा मजकूर म्हणजे माणसांसाठीची टीप. यंत्र तो वगळतं. नवा कीबोर्ड मागून मागून लंबू थकला आणि त्याने मॅक्रो रचला: ‘ऐक’ दिसलं की तिथे दोन रेघा आहेत असं समज. खरं तर हे नियमात बसत नाही. कोड यंत्राच्या भाषेत उतरवताना कंपायलर टिपा आधी फेकतो, मॅक्रो नंतर उलगडतो. मॅक्रोतून टीप निघूच शकत नाही. जुना कंपायलर तेवढा काणाडोळा करायचा. पुढे कीबोर्ड आला, पण शब्द राहिला.

‘ऐक, टाकी रिकामी असली तर पंप सुरू करू नकोस.’

‘ऐक गाढवा, हे कालच सांगितलं होतं.’

मॅडम हसल्या. "गाढव कोण?"

"मी."

"कोड आता गिऱ्हाइकाकडे जाणार, काका. कामाच्या टिपांना साध्या रेघा द्या, बाकीचं उडवा. मी उडवू? एका कमांडचं काम आहे."

"नको. मी काढतो."

जेवणाची सुट्टी झाली, संपली. तो एकेक ओळ वाचत, पुसत गेला. शेवटच्या फाइलच्या तळाशी होतं: ‘ऐक, हे गणित उद्या बघू.’

ती ओळ लिहिली त्याच्या दुसऱ्या दिवशी लंबूऐवजी त्याचा भाऊ आला होता. ‘रात्रीच गेला,’ एवढं सांगून खुर्चीवरचा स्वेटर तेवढा घेऊन गेला. गणित यानेच पुरं केलं, ओळ मात्र ठेवली.

"ही कामाची आहे का?" मॅडमनी मागून विचारलं.

"नाही."

ओळ संपेपर्यंत त्याने पुसायची कळ दाबून धरली.

खात्रीसाठी मॅडमनी आधीच्या आणि आताच्या कोडपासून जुन्याच कंपायलरवर प्रोग्राम तयार करून ते ताडून पाहिले. "वा! एका बाइटचाही फरक नाही."

"नसणारच. यंत्रासाठी त्या ओळी नव्हत्याच."

मॅडम गेल्या. रिकाम्या जागी त्याने दोन तिरक्या रेघा मारल्या. कळ नीट चालत होती. पुढे त्याला काही सुचलं नाही.