काचेवरचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे, पण घरात टांगायचा नव्हे. डोळ्यांचे डॉक्टर मला पट्ट्याने डोक्याला बांधतात. माझा उजेड त्यांच्या हातातल्या भिंगातून पेशंटच्या डोळ्यात शिरतो आणि पार मागचा पडदा दाखवतो. एवढ्यावर माझं कौतुक करू नका. कौतुकानेच माझा घात केला आहे, आणि तो राग अजून गेलेला नाही.

भवानीनगरजवळच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी देणगी म्हणून आलो. डॉक्टर उत्कर्षाबाईंच्या डोक्यावर बसून मी सांगवीपासून वरकुट्यापर्यंत शिबिरं केली. ऊसवाल्यांचे, कारखान्यातल्या कामगारांचे, साखरेच्या आजाराने पोखरलेले किती तरी डोळे पाहिले. बाईंच्या घामाने माझा पट्टा विरला, पण मी सुखात होतो.

मग माझा गवगवा झाला. ट्रस्टचे दादासाहेब म्हणाले, एवढी मोलाची वस्तू गावोगाव हुंदडते कशी? त्यांनी मला दर्शनी काचेच्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. यंदा खंडेनवमीला त्यांनी माझी पूजाही केली. कुंकवाचं बोट कुठे टेकवलं म्हणता? उजेड जिथून बाहेर पडतो, त्याच काचेवर. वर झेंडूचा हार घातला, कुलूप लावलं आणि ते परगावी निघून गेले.

दसरा सरला आणि वरकुट्याची सारजाआजी नातीला पदराखाली घेऊन आली. पोर सातव्या महिन्यात जन्मलेली. अशा बाळांच्या डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या अर्धवट असतात. त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा सुटतो आणि बाळ कायमचं आंधळं होतं. म्हणून महिन्याच्या आत डोळे दाखवा, असं बाईंनी बजावलं होतं. सव्वा महिना बाळ उंबऱ्याबाहेर काढायचं नाही, हा घरचा नेम. आजीने भावकीचे टोमणे खाऊन तो मोडला होता.

आणि मी कुलपात! दादासाहेब फोन उचलेनात. कारकून मल्हार म्हणाला, साहेब सोमवारी येतील, तेव्हा या. महिना तर शनिवारीच भरत होता. आजीने कपाटाकडे पाहिलं.

"लेकरापायी आमी सव्वा म्हयन्याचा नेम मोडला," ती म्हणाली. "तुमच्यानं एक काच मोडवत न्हाय व्हय?"

मल्हार कपाटापासून बाजूला झाला. बाईंनी सलाईनचा लोखंडी स्टँड उचलला आणि कपाटावर घातला. स्पिरिटने त्यांनी माझ्यावरचं कुंकू पुसून काढलं. कडेला लाल डाग राहिला, तरी मला दिसलं आणि बाईंनाही. रक्तवाहिन्या फुगून वेड्यावाकड्या झाल्या होत्या. त्याच दिवशी पोर पुण्याला गेली, लेझर झालं आणि दोन्ही डोळे वाचले. बारशाला तिचं नाव श्रिया ठेवलं.

सोमवारी दादासाहेब आले. बाळाचं काय झालं, हे त्यांनी विचारलं नाही; काच कुणी फोडली ते विचारलं. आता कपाटाला लोखंडी जाळी आहे. मित्रांनो, मी तिच्याआडूनच बोलतो आहे, आणि किल्ली अजून त्यांच्याच खिशात आहे. माझी पूजा करायची असेल तर एकच करा. मला पुसा आणि बाईंच्या डोक्यावर बांधा. बाहेर बाकावर आणखी एक आजी येऊन बसली आहे, आणि तिच्या पदराखाली काहीतरी हलतं आहे.