अकरा मुलांची सुट्टी

"हो, उद्या सुट्टी. फक्त उद्याच. परवा पाठवा." क्लार्कबाईंनी फोन ठेवला आणि यादीतल्या दहाव्या नावावर रेघ मारली. हेडसरांनी सकाळी ती यादी टेबलावर सरकवली, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "सर, हे बरं दिसत नाही."

"मला कुठे बरं दिसतंय? पण गेल्या वर्षी निकाल बेचाळीस टक्के. उद्याच्या चाचणीत पन्नाशी गाठली नाही, तर शाळेला कुलूप. मग ही अकरा जातीलच, बाकीचीही जातील."

ते काही खोटं नव्हतं. वस्तीत उंच इमारती उठल्या, तशी जुन्या घरांतली मुलं खासगी शाळांच्या बसमध्ये बसून निघून गेली. क्लार्कबाईंची दोन्ही मुलंही त्याच बसने गेली. मागे उरली त्या इमारती बांधणाऱ्यांची आणि झाडणाऱ्यांची मुलं. वर्षाच्या मध्येच यायची, मध्येच जायची. यादी अशाच, निकाल खाली ओढतील असं धरलेल्या मुलांची होती.

अकरावा फोन त्याच इमारतींतल्या एका सफाईवालीला लागला. "बरं ताई, तुम्ही सांगताय म्हणजे प्रश्नच नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला ती लेकीचा हात धरून ऑफिसच्या दारात उभी. "ताई, शाळा तर भरलीय! माझ्या ऐकण्यात चूक झाली का?"

शेजारच्या वर्गात तपासणीचे साहेब बसले होते. क्लार्कबाईंनी आवाज खाली आणला. "झाली असेल," त्या बोलून गेल्या. "आता पेपर सुरू झालाय, मध्येच बसवता येत नाही."

"बघ, माझ्यापायी बुडाला तुझा पेपर," सफाईवाली लेकीला म्हणाली. "आमचं डोकंच असलं, ताई. फोनवर धड कळत नाही." आणि कामाला उशीर होतोय म्हणून तिला तिथेच ठेवून गेली.

मुलगी बाकावर बसून राहिली. जरा वेळाने म्हणाली, "बाई, मला एकोणीसचा पाढा येतो." आणि म्हणून दाखवला, कुठेही न अडखळता. क्लार्कबाई रजिस्टरात डोकं खुपसून बसल्या होत्या. पाढा संपला तरी त्यांची मान वर झाली नाही.

आठवड्याभराने निकाल लागला, चौसष्ट टक्के. कुलूप टळलं. हेडसरांनी पेढे नाही, पण सगळ्यांना चहा पाजला. क्लार्कबाईंचा कप तसाच गार झाला.

अक्षर मोत्यासारखं, म्हणून फाटकाजवळच्या फळ्यावर निकाल लिहायचं काम त्यांच्याच वाट्याला आलं. त्या हात झटकत होत्या, तेवढ्यात सफाईवाली लेकीला न्यायला आली.

"काय लिहिलंय, ताई? मला कुठलं वाचता येतंय."

"शाळेचा निकाल. चौसष्ट टक्के."

"म्हणजे चांगला?"

"चांगला."

"यात आमची पण आली का हो?"

क्लार्कबाई पुन्हा हात झटकू लागल्या. "आली."

"पेपर बुडूनसुद्धा धरलीत तिला!" सफाईवालीने चक्क हात जोडले. "उपकार झाले, ताई."

मुलीने फळा वाचला: परीक्षेला बसले पंचवीस, पास सोळा, गैरहजर अकरा. मग क्लार्कबाईंकडे पाहिलं, बराच वेळ. काहीतरी बोलायला उघडलेलं तोंड तिने मिटून घेतलं, आणि आईचे जोडलेले हात हळूच सोडवून त्यातला एक धरला.

"चल, आई," ती म्हणाली.