उजव्या पानावरचे अप्पा

ऑफिसात तिला सगळे पट्टी म्हणत, आणि तिला त्याचं वाईट वाटत नसे. उलट कुणी खऱ्या नावानं हाक मारली तर ती दचकायची. साप्ताहिकाच्या मांडणी विभागात खिडकीजवळच्या टेबलावर ती एकोणीस वर्षं बसत होती आणि तिच्या हातून आजवर एक ओळ वाकडी गेली नव्हती. समोरासमोरची दोन पानं मिळून जो एकच मोठा देखावा मांडतात, त्याला तिथे स्प्रेड म्हणायचे. स्प्रेड म्हटला की तो पट्टीचा. त्यात दुसऱ्या कुणी बोट घातलं की बाईंचा पारा चढलाच म्हणून समजा.

आणि चढणार का नाही हो? तिनं त्यासाठी काय काय केलं होतं! दाताच्या डॉक्टरकडे जाऊन तास-तास बसायची. दात एकही दुखत नव्हता. बाहेर ताटकळणारे लोक साप्ताहिक कसं चाळतात, ते बघायला जायची. मनातल्या मनात आकडे मोजायची. एक, दोन, तीन, की पान उलटलं! तीन सेकंदांत माणूस थांबला तर थांबला, नाहीतर गेला. चाळताना आधी दिसतं ते उजवं पान, डावं अंगठ्याखाली जातं. माणसाची नजर पहिल्यांदा चेहऱ्यावर पडते आणि मग त्या चेहऱ्याचे डोळे जिकडे बघत असतील तिकडे वळते. मोकळी जागा दिसली की डोळ्याला बरं वाटतं. अक्षरांची गर्दी दिसली की तो पळ काढतो. हे सगळं तिला तोंडपाठ होतं.

त्या महिन्यात तिचे वडील हरवले.

अप्पा तिच्याकडेच राहायचे. वर्षभरापासून त्यांचं विसरणं वाढत चाललं होतं. लेकीला ते "अहो बाई" म्हणायचे, जेवण झाल्यावर "तुमचे फार उपकार झाले" म्हणून हात जोडायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती न्हाणीघरात जाऊन रडली होती. मग सवय झाली. दिवसा शेजारच्या काकू त्यांच्यापाशी बसायच्या. अंक छपाईला जायचा त्या मंगळवारी काकू दोन मिनिटांसाठी घरी दूध उतरवायला गेल्या, आणि तेवढ्यात अप्पांनी कडी काढली. पायात चपला, अंगात मोहरी रंगाचा स्वेटर, हातात कापडी पिशवी. बस्स. गेले.

पोलिसात तक्रार झाली, दवाखाने पालथे घातले. तिचा थोरला भाऊ वायरमन, गावातला खांब न् खांब त्याच्या ओळखीचा. त्यानं अप्पांच्या फोटोचे कागद काढले, वर ठळक 'हरवले आहेत' आणि खाली हाताएवढा फोन नंबर, आणि शिडी घेऊन खांबाखांबावर चिकटवत सुटला. दुसऱ्या दिवशी त्यावर शिकवण्यांच्या जाहिराती चिकटलेल्या असायच्या. दादा त्या खरवडून काढायचा आणि पुन्हा नवा कागद लावायचा.

अकराव्या दिवशी संपादकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. हा माणूस एरवी अर्धं पान सोडताना जीव गेल्यासारखा करायचा. ते म्हणाले, "पट्टी, सोफ्यांवरचा लेख मी काढतोय. चौदा-पंधरा तुझी. दोन्ही पानं. राज्यभर अंक जातो आपला, कुणी ना कुणी बघेलच. तुला हवं तसं मांड, मी अवाक्षर काढणार नाही."

तिला हुंदकाच फुटला. मग तिनं डोळे पुसले आणि कामाला बसली.

फोटो एकच सरस होता. मागच्या हिवाळ्यात ऑफिसच्या फोटोग्राफरनं काढलेला, बागेतल्या बाकावर बसलेले अप्पा, मोहरी स्वेटर, चेहऱ्यावर तिरपं ऊन, नजर डावीकडे कुठेतरी लांब. तिनं तो अख्खा उजव्या पानावर सोडला, चारी कडांपर्यंत. त्यावर एक अक्षर नाही. डावं पान जवळजवळ कोरं, मधोमध एकच ओळ: 'हे कुठे निघालेत?' खाली बारीक टायपात वय, उंची, डाव्या भुवईवरचा व्रण, कधी आणि कुठून गेले, आणि शेवटी फोन नंबर. उजवीकडून अप्पा बरोबर त्या ओळीकडे बघत होते. वाचणाऱ्याची नजर चेहऱ्यावरून डोळ्यांवर, डोळ्यांवरून ओळीवर, ओळीवरून नंबरवर. घसरगुंडीच जणू, मध्ये कुठे अडायलाच नको.

दादा दुपारी ऑफिसात आला. शिडी खाली दाराशी ठेवून वर आला आणि तिच्या खुर्चीमागे उभा राहून पडद्याकडे बघत राहिला.

"'हरवले' कुठं लिहिलंय?"

"लिहिलं नाही. हरवले म्हटलं की लोक पान उलटतात, दादा. तू-मी पण उलटतो. आधी त्यांना थांबवायला पाहिजे."

"बरं, पण नंबर केवढासा? फोटोवर टाक की. छातीवर टाक, कपाळावर टाकलास तरी अप्पा रागावणार नाहीत."

"फोटो घाण होईल. जाहिरातीसारखं दिसेल सगळं."

"दिसू दे ना! नंबर तरी दिसेल."

"दादा, तू वायरी जोड, पानं मी जोडते. तुझ्या खांबांवरच्या कागदांनी एक तरी फोन आला का?"

हे बोलायला नको होतं. दादानं हातातली पक्कड खिशात घातली. मग म्हणाला, "नाही आला. तुला त्यातलं कळतं, तूच ठरव." आणि शिडी उचलून गेला.

तिलाही क्षणभर वाटलं, टाकावा का नंबर? तिनं तो फोटोवर ठेवूनही पाहिला. पांढरा, जाड, स्वेटरच्या वर. शी! कसलं ओंगळ दिसत होतं ते. तिनं तो काढून टाकला.

गुरुवारी अंक बाजारात आला, आणि काय सांगायचं, लोक थांबले. तीन सेकंद काय, दहा-दहा सेकंद थांबले! ऑफिसात फोन खणखणू लागले. पहिला फोन तिनं धावत जाऊन उचलला. एक चित्रकलेच्या शिक्षिका म्हणाल्या, ऊन काय पकडलंय हो, मुलांना दाखवलं मी. एका बाईंना स्वेटरची वीण हवी होती. एका गृहस्थांनी विचारलं, ही सहलींची योजना ज्येष्ठ नागरिकांसाठीच आहे का?

"अहो, सहल कसली? माझे वडील हरवलेत! खाली लिहिलंय सगळं!"

"असं होय? खालचं नाही वाचलं बुवा. पण फोटो झकास."

छपाईवाल्यानं खास वर येऊन तिला सलाम ठोकला. तिला वाटलं, टेबलावरचा अंकांचा गठ्ठा उचलून त्याच्या डोक्यात घालावा. एकाही फोनवर कुणी 'पाहिलंय' असं म्हणालं नाही. ती रोज ऑफिसात आधी जाऊन फोनपाशी बसायची आणि दादा रोज नवे कागद घेऊन खांबांवर चढायचा.

पुढच्या शुक्रवारी पोलिसांचा फोन आला, आणि तोही दादाच्या तक्रारीवरून. चार तासांच्या अंतरावरच्या एका गावच्या सरकारी दवाखान्यात एक अनोळखी म्हातारे बुधवारी न्यूमोनियानं वारले होते. भुवईवर व्रण. दोघं गेले. चादर बाजूला केली. अप्पाच होते. दाढी वाढलेली आणि चेहरा एवढासा झालेला. दादानं त्यांच्या पायांना हात लावला आणि तो लहान मुलासारखा हमसून रडला. तिला रडू येईना. ती विचारत राहिली, कुठे होते हे? कुठून आणलं यांना?

बस डेपोतून, असं वॉर्डबॉय म्हणाला. त्यांची पिशवी अजून तिथेच होती. अप्पांना त्याच गावच्या स्मशानात अग्नी देऊन दोघं डेपोत गेले.

डेपो लहानसा. चार बाकं, एक पाण्याची टाकी, एक तिकीटखिडकी. आणि खिडकीशेजारच्या पोपडे आलेल्या भिंतीवर, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून, पान पंधरा. उजवं पान. मधल्या घडीवर पट्टी ठेवून अगदी सरळ कापलेलं. मोहरी स्वेटरातले अप्पा डावीकडे बघत होते, आणि डावीकडे नुसती भिंत होती.

तिकीटवाला भला माणूस होता. पिशवी त्यानं जपून ठेवली होती.

"गेल्या आठवड्यात गुरुवारी अंक आला ना, त्याच दिवशी लावलं मी ते. भिंत फार उदास दिसायची. शनिवारी हे आजोबा आले. चार दिवस होते इथे. मी चहा द्यायचो, घोंगडी दिली होती. मंगळवारी ताप फार चढला, तेव्हा मीच दवाखान्यात पोचवलं."

"आणि डावं पान?" तिनं विचारलं.

"ते नुसतं अक्षरांचं होतं, ताई. ड्रॉवरमध्ये अंथरलंय." त्यानं ड्रॉवर ओढून दाखवला. सुट्या तिकिटांच्या गठ्ठ्यांखाली तिची एक ओळ दिसत होती, आणि खाली बारीक टायप.

"तुम्हाला... तुम्हाला हे तेच वाटले नाहीत?"

"वाटलं हो! आल्या आल्याच वाटलं. मी विचारलंसुद्धा, आजोबा, हा फोटो तुमचाच ना? ते जवळ जाऊन निरखून बघायचे आणि म्हणायचे, छे छे, हे गृहस्थ मला माहीत नाहीत. पण पान आमच्या धाकटीनं केलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून दाखवायचे. आमच्या धाकटीचं काम आहे, बघा किती स्वच्छ. मला वाटलं, म्हातारं माणूस, काहीतरी बडबडतंय. नंबर-बिंबर काही असता तर मी फोन नसता का केला, ताई? दोन पावलांवर फोन आहे."

फोन खरंच दोन पावलांवर होता. काळा, भिंतीला टांगलेला, चालू.

परतीच्या बसला अर्धा तास होता. तिकिटांच्या रांगेत दादा पुढे आणि ती मागे. त्यानं एकदा त्या पानाकडे पाहिलं, मग खाली मान घालून पिशवीचे बंद बांधत राहिला. तिला ते सहन होईना. तिनं त्याची बाही ओढली.

"दादा, बोल ना रे मला. शिव्या घाल. तू म्हणाला होतास. छातीवर टाक म्हणाला होतास तू. मला पान घाण करायचं नव्हतं. मी मारलं त्यांना. बोल ना!"

दादानं तिच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे लाल झाले होते, पण त्यांत राग शोधूनही सापडत नव्हता. तो असता तर तिनं तो झेलला असता.

"काय बोलू?" तो म्हणाला. "पान छानच झालं होतं गं."

आणि ती तिथेच, रांगेत, लोकांच्या पायांत मटकन खाली बसली.