साक्षीला सोबत

आपल्या माणसांना कुणाला एकटं सोडणं म्हणजे पाप वाटतं. विमानतळावर पोहोचवायला पाच जण, दवाखान्यात एका पेशंटमागे सात. जर्मनीतल्या न्युरेम्बर्गच्या वासुदेवरावांनी हा हिशेब थेट कोर्टापर्यंत नेला.

२००६ साली ट्रामच्या थांब्यावर एका दारुड्या तरुणाने ‘आपल्या देशात जा’ म्हणत त्यांच्या ओळखीतल्या सुगतला मागून रुळांवर ढकललं. मनगट मोडलं. पाहिलं ते सोबतच्या एकट्या केतनने. वासुदेवराव आणि त्यांच्यातलाच शिरीष समोरच्या दुकानात तांदूळ बघत होते. पण पोलिसांना दोघांनीही ठोकून दिलं, "आम्हीही पाहिलं!"

सुनावणीच्या आदल्या दिवशी वासुदेवरावांच्या घरी पोह्यांबरोबर तालीम रंगली. "काळं जॅकेट, दोन्ही हातांनी धक्का. गेनाऊ, अगदी तंतोतंत! तिघांचा शब्दाला शब्द जुळला पाहिजे."

सुगतची बायको धम्मदीपा संशोधक. तिने विचारलं, "काका, तुम्ही पाहिलंत?"

"अगं, केतनने पाहिलं म्हणजे आपणच पाहिलं की! एकट्याच्या बोलण्याला वजन काय?"

"एका खऱ्या मोजमापाशेजारी दोन मनाची लिहिली, तर आमच्याकडे तिन्ही फेकून देतात. काका, आम्हाला भरपाई नकोय. सुगतवर अन्याय झाला, एवढं कोर्टाने म्हणावं."

"तू लॅब सांभाळ, कोर्टाचं मी बघतो!"

दुसऱ्या दिवशी साक्षीदारांना एकेकटं आत बोलावलं. वासुदेवरावांना तिथेच घाम फुटला. न्यायाधीशांच्या दोन्ही बाजूंना दोन साधे नागरिक बसले होते; तिकडे निकालात त्यांचंही मत मोजतात. त्यांतल्या एका बाईंनी तिघांनाही विचारलं, "त्याच्या डोक्यावर टोपी होती?"

तालमीत टोपी नव्हतीच! केतन म्हणाला, "नव्हती." वासुदेवराव म्हणाले, "आल्झो... म्हणजे... होती." शिरीषला आठवेना, बाकी मात्र त्याने केतनचीच वाक्यं म्हणून दाखवली.

न्यायाधीशांनी केतनला परत बोलावलं. "हे आधी ठरवून आलात?"

केतनने मान खाली घातली. "हो."

मग त्याच्या खऱ्या शब्दांवरही कोण विश्वास ठेवणार? संशयाचा फायदा आरोपीला मिळाला. तो सुटला!

बाहेर वासुदेवराव पुटपुटले, "सुगत, मी तुझ्यासाठीच रे..."

"माहीत आहे, काका. म्हणून तर तुमच्यावर रागावताही येत नाही."

वासुदेवरावांना त्या क्षणी रागच हवा होता. पुढे त्यांच्यावर खोट्या साक्षीची चौकशी लागली, तेव्हा वकील न करता त्यांनी सगळं कबूल केलं. सुगतचा निकाल मात्र तसाच राहिला.

मित्रहो, आपल्या माणसाला जरूर सोबत करा. कोर्टाच्या बाकावर दिवसभर बसा, त्याचा डबा न्या, हात धरा. पण जे पाहिलं नाही, ते पाहिलं म्हणू नका. तुमच्या मायेपायी त्याचं खरंही खोटं ठरतं.