मले उतरवलं, वाचलं कोनीच नाई

मी एक जुना गाईड आहे, मित्रांनो. दहावीचा, सगळ्या विषयांचा. माझं पहिलं पान फाटलं, पाठीवर चहाचा डाग हाय, आन् अंगावर जिकडंतिकडं चिकटपट्टी. देवळीच्या एका दुकानातून अनुपनं मले आनलं. तो पास झाला, मंग मी त्याच्या चुलतबहिनीकडे मोहिनीकडे गेलो, आन् तिच्याकडून आंजी गावच्या मयुरीकडे. लोक म्हनत, "गाईड हाय ना घरात, मंग काऊन भेतं?" हे आयकून मी फुगत होतो. आता लाज वाटते.

प्रेमाच्या कवितेवर प्रश्न आला, 'तुमच्या शब्दांत लिहा'. मयुरीनं आपल्या मनानं लिहिलं, का आई भांडली तरी बाबा तिच्या वाटची भाकर झाकून ठेवतात, हेच प्रेम असन. मंग मले उघडलं. ते वाक्य खोडलं आन् माझी 'उदात्त भावना' उतरवली.

पुढचा प्रश्न, 'तुम्ही कोनता धोका पत्करला?' माझ्यात लिहून होतं, नदीत बुडनाऱ्या मुलाले वाचवलं. पुऱ्या वर्गानं तेच लिहिलं. मधुकरराव सर वह्या आपटून म्हने, "आपल्या धाम नदीत पानी गुडघाभर, आन् सदतीस जनांनी पोरगा वाचवला? बुडते तरी किती डाव बिचारा?" पोरं हासले. मी दप्तरात अंग चोरून बसलो.

मंग आरोग्याचा धडा आला. मयुरीचे बाबा, धर्मेंद्र, लोकाईच्या कपाशीवर फवारनी करतात. त्या दिवशी ते दुपारीच घरी आले आन् खाटेवर पडले. मयुरी मले समोर ठेवून लिहून राह्यलती, 'फवारणी करताना नाक-तोंड झाकावे. चक्कर किंवा उलटी आल्यास कपडे बदलावे...'

"मयुरी, डोकं गरगरून राह्यलं वं. पानी दे."

"थांबा ना बाबा, दोनच वळी राह्यल्या."

आई सरिता चुलीपासून म्हने, "ऊन लागलं असन. कांदा हुंगवा."

बाबांनी अंगनात उलटी केली. मयुरीनं 'व लगेच दवाखान्यात जावे' हे सुंदर अक्षरात लिहिलं, खाली पट्टीनं रेघ मारली, आन् मंग पानी घेऊन उठली. मी उघडाच पडून होतो, मित्रांनो. उत्तर माझ्या पोटात होतं, पन मले तोंड नाई.

शेजारचे हिरालाल आले, त्याईनं शर्टाचा वास घेतला. "सरिता, हे ऊन नोहे, औषध हाय. गाडी काढतो." तसंच बाबाले फटफटीवर मधात बसवलं, मांगं आई बसली, आन् वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. बाबा चौथ्या दिवशी घरी आले. पन अजून त्याईचा हात कापते. कप धरला का चहा सांडते.

मले जपून ठेवा असं मी म्हननार नाई. उतरवायचं असन तं खुशाल उतरवा. पन लिहिता लिहिता एक डाव मोठ्यानं वाचत जा. घरात कोनाले तरी ते आयकायची गरज असते.

काल मयुरीची वही परत आली. त्या उत्तराखाली लाल पेनानं लिहून होतं, 'छान. पाचपैकी पाच.'

बाबा खाटेवरून म्हने, "काय म्हने सर? किती भेटले?"

मयुरीनं वही पाठीमागं धरली.

"अजून तपासली नाई, बाबा."