ठेंगणी गाडी

कुंभकोणमचे हाडांचे डॉक्टर जानकीराम राव यांनी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, सकाळची कॉफी पिता पिता, बायकोला सांगितलं, "वसंता, अमी स्पोर्ट्‌स कार घेणार."

वसंताबाई कढीपत्ता निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "कोणासाठी?"

"कोणासाठी म्हणजे? माझ्यासाठी."

"दोघांच्याच जागेची?"

"दोघांच्याच. लाल असली तर बेस."

वसंताबाईंनी कढीपत्त्याची काडी बाजूला ठेवली आणि नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग त्यांनी पुण्याला दिलेल्या लेकीला, चैत्राला फोन लावला. या घरातलं तंजावरी मराठी ऐकून चैत्राच्या सासरचे लोक गालातल्या गालात हसत. त्या दिवशी ती स्वतःच इतकी हसली, की फोन सासूने घेतला.

डॉक्टरांच्या मनात जे होतं ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. छत्तीस वर्षं त्यांनी वेगाने गेलेल्या माणसांची हाडं जोडली होती. स्वतः ते कधी ताशी चाळीसच्या वर गेले नव्हते. पण प्लास्टरमध्ये पाय अडकलेली पोरं पडल्याची हकीकत सांगायला लागली, की पडण्याच्या जरा आधीच्या भागाला त्यांचे डोळे चमकत. डॉक्टर त्यांना रागावत, गोळ्या लिहून देत आणि मनातल्या मनात त्यांचा हेवा करत. आता अठरा वर्षांची पांढरी गाडी गॅरेजवाल्याने कायमची जमा करून घेतल्यावर त्यांना वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

पहिली गाडी त्यांनी त्रिचीला पाहिली. काचेचं दुकान, आरशासारखी फरशी, आणि मधोमध एक पिवळीधमक गाडी, जिचं छत डॉक्टरांच्या कमरेला लागत होतं. सतीशकुमार नावाच्या विक्रेत्याने दार उघडलं. प्रत्येक पेशंटला "उकिडवे बसू नका, गुडघे जातील" असं बजावणारे डॉक्टर उकिडवे झाले, मागे कलले आणि धप्पकन आत पडले.

"कसं वाटतं सर?"

"फार छान." डॉक्टरांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला. दोन मिनिटं ते तसेच समोरच्या भिंतीकडे पाहत बसले. मग बाहेर यायला निघाले, आणि आले नाहीत. दुसऱ्यांदा निघाले. तरी आले नाहीत.

"आत डिंक लावलाय का हो?" वसंताबाईंनी विचारलं.

"माझा डावा पाय बाहेर ओढा," डॉक्टर सतीशकुमारला शांतपणे सांगू लागले. शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी त्यांचा आवाज असाच व्हायचा. "आता काखेत हात घाला. खांदा नको, खांदा निखळेल. आता कंबर फिरवा. माझी हो, तुमची नव्हे."

शेवटी ते चार पायांवर फरशीवर उतरले. उठून त्यांनी सदरा झटकला, चष्मा सरळ केला आणि गंभीरपणे म्हणाले, "इंजिन चांगलं वाटतंय."

इंजिन कोणी सुरूच केलं नव्हतं.

सतीशकुमार मात्र चिवट होता. पुढच्या रविवारी सकाळी तो एक लाल गाडी घेऊन थेट कुंभकोणमला दारात हजर झाला. ही पिवळीपेक्षा वीतभर उंच होती आणि हिच्यातून डॉक्टर एका दमात बाहेर येऊ शकत होते. फिरवून पाहायला मायिलाडुदुरैच्या रस्त्याला जायचं ठरलं. बसायला जागा दोनच, म्हणून सतीशकुमार डॉक्टरांशेजारी बसला आणि वसंताबाई मागून स्कूटरवर निघाल्या. अर्ध्या वाटेत त्यांना दोनदा थांबावं लागलं, कारण स्कूटर सारखी गाडीच्या पुढे जात होती.

"सर, थोडं दाबा," सतीशकुमार म्हणाला.

"दाबतोच आहे."

तिरुभुवनमला विणकरांच्या रेशीम सोसायटीसमोर एक गतिरोधक होता. त्याच्यावरचे पांढरे पट्टे कधीच झिजून गेले होते. पुढची चाकं पलीकडे उतरली, मागची अलीकडे राहिली, आणि गाडी पोटावर टेकून थांबली. डॉक्टरांनी गिअर टाकला. गाडी कण्हली आणि जागच्या जागी डुलली. मागे बस उभी राहिली, बसच्या मागे ट्रॅक्टर. हॉर्न वाजायला लागले.

आवाज ऐकून सोसायटीतून विणकर बाहेर आले. मागावर वाकून वाकून त्यांतल्या बहुतेकांची पाठ धरलेली, त्यामुळे निम्मे तरी डॉक्टरांचेच पेशंट निघाले.

"अय्यो, आपले डॉक्टर!" कोणीतरी ओरडलं आणि दहाबारा जणांनी गाडीला हात घातला.

"थांबा!" डॉक्टर धडपडून बाहेर आले. "कमरेतून वाकू नका! गुडघ्यात वाका! पाठ सरळ! श्वास सोडा! हां, आता उचला!"

एवढ्या शिस्तीने तिरुभुवनममध्ये आजवर काही उचललं गेलं नसेल. गाडी अलगद वर आली, दोन हात पुढे गेली आणि रस्त्यावर टेकली. बसमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांची नजर मात्र मागच्या चाकापाशी उभ्या असलेल्या एका सडपातळ माणसावर खिळली होती. चंद्रमौली विणकर. त्याच्या मणक्यातली चकती सरकलेली होती.

"चंद्रमौली, तुला काय सांगितलं होतं मी?"

"तीन महिने वजन उचलायचं नाही, सार."

"मग?"

"चौथा लागला सार. आजच."

डॉक्टरांनी त्याला तिथेच सोसायटीच्या पायरीवर पालथं झोपवलं आणि पाठ तपासली. पाठ ठणठणीत होती. गाडीची नव्हती. सतीशकुमारने खाली वाकून तिचं पोट पाहिलं, कपाळावरचा घाम पुसला आणि "सर, तुम्हाला उंच गाडी शोभेल" असं अदबीने म्हणून तो त्रिचीकडे परतला.

डॉक्टर पायरीवर बसून राहिले. वसंताबाईंना हसू आवरत नव्हतं. पण नवऱ्याचा चेहरा पाहिला तशा त्या शेजारी जाऊन बसल्या.

"जाऊ द्या हो," त्या म्हणाल्या.

तेव्हा पाठीवरचा सदरा नीट करत चंद्रमौली म्हणाला, "सार, छोटीच गाडी पाहिजे ना? तिरुविडैमरुदूरला भुवनेश्वरी अम्मांकडे एक आहे. जुनी आहे, पण पोट वर आहे तिचं. अम्मा कोणाला विकत नाहीत म्हणा. सात जण जाऊन परत आले."

तिथून तिरुविडैमरुदूर कितीसं दूर! नवराबायको स्कूटरवरून निघाली. देवळामागच्या जुन्या गल्लीत, ओट्यावर ब्याऐंशी वर्षांच्या भुवनेश्वरी अम्मा वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या. तरुणपणी त्या चेन्नईजवळच्या शर्यतींत गाडी पळवत. आता हात थरथरत, म्हणून किल्ली भिंतीवर टांगलेली होती. मागच्या पडवीत ताडपत्रीखाली ती गाडी उभी होती. गर्द हिरवी, उघड्या डोक्याची, दोघांपुरती. डॉक्टर तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले.

"पुढचं बोलणं मागाहून," अम्मा तमिळमध्ये म्हणाल्या. "आधी चालवून दाखवा. मी शेजारी बसते."

कावेरीकाठचा रस्ता मोकळा होता. डॉक्टरांनी वळण येण्याआधी हॉर्न वाजवला, वळणात वाजवला, वळून झाल्यावरही वाजवला. एका शेळीसाठी ते थांबले. शेळी बसली, तेव्हा ती उठायची वाट पाहिली. दूरवर बस दिसली तशी त्यांनी गाडी कडेला घेतली.

"तिसरा गिअर कोणासाठी राखून ठेवलाय?" अम्मांनी विचारलं.

परत आल्यावर त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही फार सज्जन माणूस आहात." आणि किल्ली काढून घेतली.

डॉक्टरांना निकाल कळला. मग अम्मांनी ओट्यावर बसलेल्या वसंताबाईंकडे पाहिलं. "तू चालवतेस?"

"पांढरी गाडी मीच चालवत होते, अम्मा. ह्यांना दवाखान्यात सोडायचं, मग बाजार, बँक, कधी तंजावर. अस्कं, सगळं मीच."

"चल."

दोघी गेल्या. डॉक्टर ओट्यावर एकटे राहिले. नदीच्या बाजूने इंजिनाचा आवाज चढत गेला. दुसरा. तिसरा. चौथा. डॉक्टरांना मांडीचं हाड, खुबा, मनगट, गळपट्टीचं हाड अशी सगळी ओळीने डोळ्यांपुढे दिसू लागली. ते उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. मग गल्लीच्या तोंडाशी हिरवं काहीतरी चमकलं आणि गाडी झोकात वळून ओट्याला लागली. अम्मांचा अंबाडा सुटला होता. वसंताबाईंच्या केसांतला गजरा कुठेतरी कावेरीच्या वाऱ्यावर गेला होता. दोघी शाळेतल्या मुलींसारख्या हसत होत्या.

"दिली," अम्मा म्हणाल्या.

डॉक्टर पुढे झाले. "फार उपकार झाले, अम्मा."

"तुम्हाला नाही. हिला."

कागदपत्रांना पंधरा दिवस लागले. गाडी घेऊन जायला दोघं आली, तेव्हा वसंताबाई स्टिअरिंगमागे बसल्या आणि डॉक्टर शेजारी. मांडीवर हातांची घट्ट घडी होती.

"रागावलात?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. ते रागावलेच होते. चौसष्ट वर्षांत एक गोष्ट मागितली आणि ती बायकोला मिळाली.

कावेरीकाठी पहिलं वळण आलं. वसंताबाईंनी वेग कमी केला नाही. डॉक्टरांचं पोट एका बाजूला गेलं, चष्मा दुसऱ्या. वारा सदऱ्यात शिरून पाठीवर फुगला. घशातून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता, हे त्यांना जरा उशिरा कळलं.

"भीती वाटते का हो? हळू करू?"

"नको! हा तिसरा ना?"

"तिसरा."

"चौथा टाक की!"

वसंताबाईंनी चौथा टाकला. शेळ्या, ताडाची झाडं, भाताची खाचरं भराभर मागे गेली. डॉक्टरांना काही बघायची, सांभाळायची, थांबवायची गरज नव्हती. हात मोकळे होते. त्यांनी ते वर केले आणि छत्तीस वर्षं पेशंटांना ज्या वेगासाठी रागावले, त्याच वेगात आनंदाने ओरडले.

मोठ्या रस्त्याच्या तिठ्यावर गाडी थांबली. उजवीकडे कुंभकोणम, डावीकडे मायिलाडुदुरै आणि पुढे समुद्र.

"घरी ना?" वसंताबाईंनी विचारलं. "पाचला तुमचे पेशंट आहेत."

डॉक्टरांनी खिशातून फोन काढला आणि दवाखान्यात कळवलं, की आज डॉक्टर यायचे नाहीत, ज्यांचं प्लास्टर काढायचं असेल त्यांनी उद्या यावं.

"पेट्रोल किती आहे?" त्यांनी विचारलं.

"टाकी भरलेली."

"मग डावीकडे घे."